खुडूक कोंबड्या : वाडीतल्या एका रवणीच्या नोंदी

१० नोव्हेंबर

भात झोडून झालं, पेंढा माळ्यावर गेला. रात्रीचा गारवा सुरू झालाय. संगमेश्वराकडच्या आमच्या भागात कोंबड्या रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायला हाच काळ चांगला. आता डिसेंबरात पिल्लं निघाली तर मे महिन्यात चाकरमानी घरी येतात तेव्हा नर पाच महिन्यांचे होऊन विकायला तयार असतात, आणि तलंगा (तरुण माद्या) पावसाच्या तोंडावर अंड्यावर येतात.

यंदा वाडीतल्या चार घरांनी मिळून ठरवलंय की सगळ्यांच्या खुडूक (अंड्यांवर बसू पाहणाऱ्या) कोंबड्या एकाच रात्री बसवायच्या. कारण लस. मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरच्या लासोटा लशीची सगळ्यात लहान बाटलीसुद्धा शंभराच्या आसपास मात्रांची येते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. एकेका घरात दहा पिल्लं वेगवेगळ्या महिन्यांत निघतात, म्हणून बाटली फोडायला कुणी धजावत नाही. मग मानमोडी येते आणि पंधरा दिवसांत वाडीतली खुराडी रिकामी होतात. सगळी पिल्लं एका वयाची झाली की एक बाटली, एक सकाळ, काम संपलं. त्यासाठी कोंबड्यांची खुडूक आपल्याला हवी त्या दिवसापर्यंत थोपवता आली पाहिजे, आणि नको असेल तिथे मोडताही आली पाहिजे. या नोंदी त्यासाठीच.

आमच्याकडे सध्या चौदा माद्या. अकरा गावठी, तीन ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या. दोन कोंबडे.

१३ नोव्हेंबर

तांबडी खुडूक झाली. सकाळी अंडं घालून उठली नाही, दुपारी दाणे टाकले तरी आली नाही, संध्याकाळी बाकीच्या खुराड्यात चढल्या तरी ही पडवीतल्या पाटीतच. हात पुढे केला की सगळी पिसं फुलवून गुरगुरते आणि चोच मारते. पोटाखाली हात घातला तर छातीची पिसं उपटलेली, कातडी उघडी आणि गरम. त्या उघड्या कातडीनेच अंड्यांना ऊब लागते. दिवसातून एकदा खाली उतरते तेव्हा एकच मोठी, उग्र वासाची शीट टाकते. ही सगळी खूण जुळली की शंका राहत नाही.

एखादी कोंबडी नुसती दोन तास पाटीत बसली म्हणून तिला खुडूक समजू नये. खरी पारख रात्रीची. रात्र पाटीत काढली तर ती खुडूक.

हे आजारपण नाही आणि हट्टही नाही. पाटीत अंडी साठत गेली, पोटाला त्यांचा स्पर्श होत राहिला की मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. अंडाशय थांबतं, तुरा फिका पडून आक्रसतो, भूक मरते. गावठी कोंबडीत हे रक्तातच आहे. व्हाइट लेगहॉर्नमधून ते पिढ्यान् पिढ्या निवड करून काढून टाकलंय, म्हणून ती वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पण तिची पिल्लं यंत्रातच काढावी लागतात. आमच्या ग्रामप्रियाही बसत नाहीत. ज्या घरात वीज दिवसातून चार वेळा जाते तिथे खुडूक होणारी कोंबडी म्हणजे भांडवल आहे, हे मी मनापासून सांगते.

१४ नोव्हेंबर

वाडीत अजून कुणाची कोंबडी तयार नाही. तांबडीला थोपवून धरायचंय. रात्री अंधारात उचलून गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात नेली. खाली प्लास्टरची दोन खोटी अंडी ठेवली. दिवसा हलवली असती तर ती उठून पुन्हा पडवीत गेली असती. रात्री कोंबडीला दिसत नाही, पहाटे जाग येते तेव्हा खाली अंडी लागतात आणि ती तिथेच रुळते.

खरी अंडी आत्ताच घालायचा मोह होतो, सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, तसं सुचवलंही. पण मग तिची पिल्लं बाकीच्यांच्या आठवडाभर आधी निघतील आणि सगळा बेतच मोडेल.

१७ नोव्हेंबर

एकदम तीन बातम्या. आमची काळी खुडूक. शेजारच्या काकींची नागड्या मानेची कोंबडीही कालपासून बसून आहे. वरच्या घरातल्या दादांकडची एक परवापासून. चौथ्या घरात कुणीच नाही, त्यांना जास्तीची पिल्लं द्यायची ठरली.

आणि आमची तुऱ्याचीसुद्धा खुडूक झाली! ही पहिल्या वर्षाची तलंग, पोरं जवळ गेली तरी पाटीतून उडी मारून पळते. अशीच्या अंगाखाली दहा अंडी देणं मला पटत नाही. शिवाय घरात अंडी हवीत. तिची खुडूक मोडायची.

काकींचा उपाय जुना. थंड पाण्यात बुचकळायची, नाहीतर नाकपुडीतून पीस ओवायचं. आमच्या आईंनीही पूर्वी केलंय. पण पीस ओवल्याने नाकात जखम होते आणि तिथून सर्दीचा आजार शिरतो, आणि नोव्हेंबरच्या पहाटे भिजवलेली कोंबडी दिवसभर कुडकुडत बसते. काकींना मी म्हटलं, “काकी, तिचं पोट गार करायचंय ना, मग खालून वारा लागू दे.” तारेच्या तळाचा पिंजरा चार विटांवर ठेवला, आत पेंढा नाही, पाटी नाही, कोपरा नाही. उजेडात, सावलीत, बाकीच्या कोंबड्या दिसतील असा. दाणापाणी मात्र पोटभर. उपाशी ठेवून खुडूक मोडायची पद्धत चुकीची आहे. तिला परत अंड्यावर आणायचं तर अंगात काहीतरी शिल्लक पाहिजे.

१९ नोव्हेंबर

रवणीची अंडी जमवणं सुरू. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण अंडं वाईट असेल तर कोंबडीने कितीही जीव लावला तरी काही होत नाही.

अंडी फक्त गेल्या चार-पाच दिवसांतली. आमच्याकडे दिवसा अजून बत्तीस अंश जातं. एकवीस अंशांच्या वर अंड्यातला गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि उघड्यावरच्या टोपलीत तो अर्धवट वाढून मरतो. नंतर लोक कोंबड्याला दोष देतात. म्हणून माठाच्या तळाशी ओली वाळू, वर कापड, त्यावर अंडी, रुंद बाजू वर. माठ देवघराच्या मागच्या अंधारात. अंडी धुवायची नाहीत. कवचावरचा पातळ थर धुतला गेला की जंतू आत शिरतात. माखलेलं अंडं सरळ स्वयंपाकात. फार मोठं, फार लांबट, खरबरीत कवचाचं तेही स्वयंपाकात.

कुणाची अंडी घ्यायची हाही प्रश्न आहे. ग्रामप्रियाची अंडी मोठी, आणि आमच्या गावठी कोंबड्याचं बीज त्यांत आहेच. त्यांच्या पिल्लांना वजन चांगलं येतं. पण त्या मुली पुढे रवणीला बसतीलच असं नाही. त्यामुळे तांबडी आणि काळीच्या वंशातल्या माद्यांचीच अंडी बहुतेक घेतली, ग्रामप्रियाची चारच. ती पिल्लं मेमध्ये विकायला.

२२ नोव्हेंबर

आज रात्री चारही कोंबड्या बसवल्या.

वेताच्या पाट्यांत खाली चार बोटं राखमिश्रित कोरडी माती, मधे किंचित खोलगट, वर चुरगळलेला पेंढा आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला. मातीमुळे अंडी मधे गोळा राहतात, कडेला घरंगळत नाहीत. राखेने पिसवा आणि उवा कमी होतात. बसवण्याआधी प्रत्येक कोंबडीच्या पंखांखाली आणि गुदाभोवती राख चोळली.

“विषम घाल गो,” आई म्हणाल्या, “अकरा घाल.” अकरा गावठी अंडी आमच्या कोंबडीच्या अंगाखाली नीट मावतात, बारावं बाहेर डोकावतं, तेव्हा आकडा बरोबरच आहे. पाटीत त्यांनी एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडाही ठेवला. गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. त्यांच्या आईने ठेवला, त्यांनी ठेवला, मीही ठेवते.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली. बाकीच्या कोंबड्या बसलेल्या कोंबडीच्या पाटीत शिरून अंडं घालून जातात. फुली नसलेलं रोज काढून घ्यायचं, नाहीतर एकवीस दिवसांनी पिल्लं निघाल्यावर ती उठते आणि मागाहून आलेली अंडी अर्धी राहतात.

खोटी अंडी काढली, खरी सरकवली. तांबडीने चोचीने एकेक ओढून छातीखाली घेतलं. हे मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी तिथून हलावंसं वाटत नाही.

दिवस मोजायचे ते उद्यापासून. एकविसावा दिवस तेरा डिसेंबर.

२५ नोव्हेंबर

तुऱ्याचीला काल संध्याकाळी सोडून पाहिली. सरळ पडवीतल्या पाटीत जाऊन बसली. परत पिंजऱ्यात. खुडूक होऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर तीन दिवसांत मोडते, पण आठवडा उलटल्यावर हात घातला तर दुप्पट वेळ लागतो. तिची लक्षात यायला उशीर झाला असावा, ती माळ्यावर पेंढ्यात लपून बसत होती.

२७ नोव्हेंबर

आज सोडली तर बाकीच्यांबरोबर अंगणात उकरत फिरली. पाटीकडे गेली नाही. अंड्यावर यायला दोनेक आठवडे लागतील.

३० नोव्हेंबर

आठवा दिवस. रात्री अंडी तपासली. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक, मागे मोबाइलची बॅटरी, भोकावर अंड्याची रुंद बाजू. जिवंत अंड्यात मधे गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा फुटलेल्या. ठिपका हलतोसुद्धा. रिकामं अंडं सगळीकडे सारखं पिवळट उजळतं. ज्यात गर्भ सुरुवातीला मेला त्यात शिरा नसतात, नुसतं रक्ताचं कडं दिसतं.

तांबडीखाली अकरापैकी नऊ जिवंत, एक रिकामं, एक कड्याचं. काळीखाली अकरापैकी दहा. काकींकडे मात्र पाच रिकामी निघाली. त्यांचा कोंबडा चार वर्षांचा आहे आणि गेल्या पावसात त्याचा पाय दुखावला होता. कोंबडीची यात काही चूक नाही, हे काकींना दोनदा सांगितलं, कारण त्या तिला काढून टाकायच्या गोष्टी करायला लागल्या होत्या. पुढच्या वेळी आमच्याकडची अंडी तिच्याखाली घालू.

मेलेली अंडी काढलीच पाहिजेत. पंधराव्या दिवसानंतर ती पाटीत फुटली तर घाण सगळ्या अंड्यांना लागते.

४ डिसेंबर

मार्गशीर्ष सुरू, गुरुवारी घरात अंडं शिजत नाही. विकायची अंडी साठताहेत.

रोजचा क्रम ठरलाय. सकाळी नऊला एकेक कोंबडी खाली उतरवते. तांबडी आपोआप उतरते, काळी उतरत नाही, तिला दोन्ही हातांनी उचलावं लागतं. आधी पंखाखाली बोटं फिरवून बघायचं, कारण पंखात अंडं अडकलेलं असेल तर उचलताना पडून फुटतं. समोर भात, मका, कणी आणि पाणी. भिजवलेलं खाणं देत नाही, शीट पातळ होते आणि पाटी बिघडते. पंधरा-वीस मिनिटं खाते, पिते, राखेत लोळते आणि स्वतःच परत जाते. तेवढ्या वेळात अंडी थोडी गार होतात, ती व्हायलाच हवीत. अंडी फिरवायचं काम कोंबडी दिवसभर करत असते, आपण हात घालू नये.

गोठ्याच्या भिंतीत धामण दिसली. धामण विषारी नाही आणि शेतातले उंदीर खाते, तिला मारायचं नाही असं आमच्या घरात पक्कं आहे. पण अंडी ती गिळते. रात्री प्रत्येक पाटीवर डालगं पालथं घालून वर दगड, आणि डालग्याच्या खालच्या फटींना बारीक जाळी.

१० डिसेंबर

अठरावा दिवस. आजपासून अंड्यांना हात नाही. खाणंपाणी पाटीच्या बाजूलाच.

आई कोमट पाण्याच्या परातीत अंडी सोडून बघतात. जिवंत असलेलं डुगडुगतं, मेलेलं निपचित. खरं आहे, पण एखाद्या अंड्याला आतून टोचा पडला असेल तर आतलं पिल्लू बुडतं. मी यंदा बॅटरीवरच भागवलं. आता आत प्रकाश जातच नाही, अंडं काळंभोर, फक्त वरच्या टोकाला हवेची खोली स्वच्छ दिसते.

१३ डिसेंबर

पहाटे तांबडीच्या पाटीतून चिवचिव. ती बसल्या बसल्या हळू आवाजात उत्तर देत होती. दोन अंड्यांना रुंद टोकाकडे टोचा. टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला अर्धा दिवस सहज लागतो, कधी त्याहून जास्त. ते मधेच थांबतं, दम घेतं, राहिलेला बलक पोटात ओढून घेतं आणि कवचाच्या पापुद्र्यातलं रक्त आटतं. कवच सोलून मदत केली तर शिरा फाटतात आणि बाहेर आलेलं पिल्लू मरतं. धाकट्याला हे समजावणं अवघड गेलं, तो पाटीपाशी बसूनच होता.

१४ डिसेंबर

तांबडी नवापैकी आठ, काळी दहापैकी नऊ. काकींकडे पाच, दादांकडे नऊ. एकतीस पिल्लं आणि सगळी एका दिवसाच्या फरकाने!

आज खायला काही नाही. पोटातला बलक दोन दिवस पुरतो. ती घाईने बाहेर काढून कण्या पुढे टाकण्यापेक्षा आईखाली कोरडी होऊ देणं महत्त्वाचं.

१५ डिसेंबर

आज रात्री सतरा पिल्लं एकीकडे द्यायची. दोघींनी दोन महिने पिल्लांमागे घालवण्यापेक्षा एक मोकळी झाली तर तेवढ्यात ती अंड्याचा एक खेप काढते. कोणती मोकळी करायची यावर घरात चर्चा झाली. आईंचं मत तांबडी आई म्हणून पक्की, घारीला सुद्धा भिडते, तिच्याकडेच द्या. खरं आहे ते. पण मी तिच्या छातीचं हाड चाचपलं, धारदार लागलं. खोट्या अंड्यांपासून धरली तर ती महिनाभर बसून आहे आणि तुरा पांढरट पडलाय. काळी अजून भरलेली आहे. काळीकडे द्यायचं ठरवलं.

१६ डिसेंबर

काल रात्री दहाला अंधारात तांबडीची आठ काळीच्या पंखांखाली दोन्ही बाजूंनी सारली. पहिल्या दोन-तीन दिवसांतच हे जमतं. नंतर कोंबडी आपली पिल्लं ओळखते आणि परकं टोचून मारते. पहाटे उठून पाहिलं, सतराही एका अंगाखाली.

तांबडी पिंजऱ्यात. दिवसभर पिल्लांना हाक मारत उभी होती. मला त्याचं वाईट वाटलं आणि तरीही हाच निर्णय तिच्या जिवाला बरा आहे असं वाटतं. तिला मका, शेंगदाण्याची पेंड आणि वाटलेले शिंपले दिले.

२० डिसेंबर

लासोटा. दादांनी तालुक्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणली. सकाळी साडेसातला सगळ्यांची पिल्लं टोपल्यांतून आमच्या अंगणात. प्रत्येकाच्या डोळ्यात एक थेंब, पापणी मिटेपर्यंत धरायचं, टोपलीत सोडायचं. पिल्लांनंतर उरलेले थेंब वाडीतल्या मोठ्या कोंबड्यांना. साडेआठला बाटली संपली. वाडीत पहिल्यांदाच लस वाया न जाता संपली.

पिल्लांना कणी, बारीक दळलेली नाचणी, उकडलेल्या अंड्याचा चुरा. पाणी उथळ झाकणात, त्यात खडे, म्हणजे पिल्लू आत पडलं तरी बुडत नाही. वाळवीसाठी जुन्या मडक्यात ओलं शेण, पुठ्ठा आणि पेंढा भरून वारुळाजवळ पालथं घातलंय. सकाळी उचलून पिल्लांपुढे झाडायचं. वाळवी दिसली की काळी ज्या आवाजात बोलावते, तो ऐकून सतरा पिल्लं एकदम धावतात.

८ जानेवारी

काळी पिल्लं घेऊन काजूच्या बागेत जाते. घारीने एक नेलं. दुसरं सकाळी पायवाटेवर मेलेलं सापडलं, मुंगसाचं काम असावं. काळी चांगली लढते, पण सतरा पांगलेली पिल्लं एकीने राखणं कठीण. आता उन्हं चढेपर्यंत सगळ्यांना डालग्याखाली ठेवते आणि दहानंतर सोडते, अंगणात तुरीची झाडं आहेत तिकडे. आडोसा असला की घारीला झेप घेता येत नाही.

तांबडी कालपासून अंड्यावर आली. तुरा लालभडक.

७ फेब्रुवारी

पिल्लं आठ आठवड्यांची, आमच्याकडे चौदा राहिली. मानमोडीची दुसरी लस, आरटूबी, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वाडीत येऊन टोचली. चारही घरं एका ठिकाणी आहेत म्हटल्यावर ते आनंदाने आले. मानमोडीला राणीखेत म्हणतात ते उत्तराखंडातल्या गावावरून, तिथे १९२७ च्या सुमारास साथ आली होती, असं त्यांनी लस भरता भरता सांगितलं.

काळीने पिल्लांना टोचायला सुरुवात केलीय. सोडण्याची वेळ झाली. रात्री ती वरच्या दांडीवर एकटी बसते, पिल्लं खाली घोळक्याने ओरडतात आणि मग गप होतात.

निसर्गावर सोडलेली गावठी कोंबडी पंधराएक अंडी घालते, तीन आठवडे बसते, दोन-अडीच महिने पिल्लं फिरवते आणि पुन्हा अंड्यावर येते. वर्षात असे तीन फेरे, म्हणून तिची अंडी पन्नास-साठच्या पुढे फारशी जात नाहीत. तांबडीने पिल्लं काळीला दिल्यापासून आतापर्यंत एक अख्खा खेप जास्त दिला. ज्याला अंडी विकायची आहेत त्याने निदान निम्म्या खुडूक मोडाव्यात. पण सगळ्या मोडू नयेत, आणि सगळ्यात चांगली बसणारी मुळीच विकू नये. दर वर्षी पोपटी-काळ्या रंगाच्या, भारी दिसणाऱ्या तलंगा मागे ठेवून शांत बसणाऱ्या आईच्या फिक्या तलंगा बाजारात जाताना मी बघते. मी यंदा चार तलंगा ठेवणार, चारही तांबडीच्या वंशातल्या.

१० मार्च

शिमग्याची पालखी येईल. तुऱ्याची, काळी आणि आणखी एक गावठी, तिन्ही एकाच आठवड्यात खुडूक. दुपारी छत्तीस अंश. आता अंडी माठातही टिकत नाहीत, पिल्लं निघाली तरी मेच्या उन्हात आणि मग जूनच्या ओलीत रक्ती हगवणीने जातात. पावसाळा संपेपर्यंत कुणालाच बसवायचं नाही, असं चारही घरांचं ठरलंय. काकींनी स्वतःहून तारेचा पिंजरा करून घेतला.

काळीला आज रात्री पिंजऱ्यात. तुऱ्याची या वेळी पाटीतून उठून पळाली नाही, हात घातला तरी बसून राहिली आणि चोच मारली. नोव्हेंबरच्या यादीत तिचं नाव लिहिलंय.